प्लॅटिनमविना इंधनघट : धातू-जटिल उत्प्रेरकांचे रसायन आणि अर्थकारण

हायड्रोजनचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. तो किती रुपये किलोने तयार होईल आणि तो साठवायचा कसा? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु हायड्रोजनपासून वीज निर्माण करणाऱ्या इंधनघटाच्या आत, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ अशा एका थरात, तिसरा एक प्रश्न दडलेला आहे. हवेतील ऑक्सिजनचे पाण्यात रूपांतर वेगाने घडवून आणणारा उत्प्रेरक कोणता असावा, हा तो प्रश्न होय. आज या जागी प्लॅटिनम आहे. त्याच्याऐवजी लोखंडासारख्या सामान्य धातूची जटिल संयुगे वापरता येतील काय, याचा शोध साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या शोधाचे शास्त्र रसायनाचे असले, तरी त्यातील अखेरचा निर्णय हिशेबाच्या वहीत व्हायचा आहे.

प्रथम इंधनघटाचे कार्य समजून घेतले पाहिजे. १८३९ च्या सुमारास जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन आणि वेल्समधील विल्यम ग्रोव्ह यांनी स्वतंत्रपणे या तत्त्वाचा वेध घेतला. पाण्यातून वीज सोडली असता हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात. ग्रोव्ह यांनी ही क्रिया उलट फिरवली. त्यांच्या उपकरणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल होते आणि विद्युतअग्रे प्लॅटिनमची होती. आजच्या वाहनांतील इंधनघटात द्रव आम्लाची जागा प्रोटॉन वाहून नेणाऱ्या बहुवारिक पटलाने घेतली आहे. प्लॅटिनम मात्र जागचे हललेले नाही.

ॲनोडवर हायड्रोजनच्या रेणूचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात आणि तोच आपला विद्युतप्रवाह होय. कॅथोडवर ऑक्सिजनचा एक रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन एकत्र येऊन पाण्याचे दोन रेणू तयार होतात. या क्रियेला ऑक्सिजनचे क्षपण म्हणतात. कागदावर दोन्ही बाजू सारख्याच सोप्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या वेगात हजारो पटींचे अंतर आहे. हायड्रोजनचा बंध प्लॅटिनमवर सहज तुटतो. ऑक्सिजनच्या रेणूतील दुहेरी बंध चिवट असतो आणि चार इलेक्ट्रॉन एकामागून एक द्यावे लागत असल्याने वाटेत अनेक थांबे येतात. परिणामी, ज्या घटाने सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट द्यायला हवेत, तो भार टाकल्यावर ०.६ ते ०.७ व्होल्टच देतो. या तुटीचा सर्वांत मोठा भाग, सुमारे ०.३ ते ०.४ व्होल्ट, केवळ कॅथोडवरील या संथ क्रियेपोटी खर्ची पडतो. म्हणूनच घटातील बहुतेक प्लॅटिनम कॅथोडच्या बाजूला घालावे लागते.

दुसरी अडचण अधिक घातक आहे. चार इलेक्ट्रॉनांची वाट पूर्ण न करता क्रिया दोन इलेक्ट्रॉनांवरच थांबली, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यात निम्मी वीज वाया जाते, आणि हे द्रव्य पटलाला व उत्प्रेरकाला कुरतडत राहते. चांगल्या उत्प्रेरकाची परीक्षा म्हणून दुहेरी असते: क्रिया वेगवान हवी आणि ती शेवटपर्यंत गेली पाहिजे.

उत्प्रेरकाचे काम कसे चालते याचे सूत्र फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले. १९१२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. उत्प्रेरकाने रेणूला धरावे, पण फार घट्ट धरू नये. पकड सैल असेल तर बंध तुटत नाही. पकड घट्ट असेल तर तयार झालेले पाणी सुटत नाही आणि जागा अडून राहते. ऑक्सिजनच्या बाबतीत शुद्ध धातूंमध्ये प्लॅटिनमची पकड आदर्शाच्या सर्वांत जवळ येते. तीही अगदी आदर्श नाही, किंचित घट्टच आहे. हे वैगुण्य असूनही त्याला तोडीस तोड असा दुसरा शुद्ध धातू आम्लात टिकत नाही. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे उघडे धातू आम्लात विरघळून जातात.

निसर्गाने मात्र हा प्रश्न प्लॅटिनमशिवाय सोडवला आहे. प्राण्यांच्या पेशींमध्ये श्वसनाच्या साखळीच्या टोकाशी सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ते नेमके हेच काम करते. ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करते. त्याच्या केंद्रस्थानी लोह व तांबे आहे. यातील लोह हे चार नायट्रोजन अणूंच्या चौकटीत बसवलेले असते. रक्तातील हीमोग्लोबिनमध्येही अशीच चौकट असते आणि वनस्पतींच्या हरितद्रव्यात त्याच धर्तीच्या चौकटीत मॅग्नेशियम असते. मध्यभागी धातूचा अणू आणि भोवती त्याला धरून ठेवणारे रेणू, अशा रचनेला जटिल संयुग म्हणतात. चौकटीमुळे दोन गोष्टी साधतात. धातूचा अणू विरघळून जात नाही, आणि चौकट बदलून त्याची ऑक्सिजनवरील पकड कमीअधिक करता येते.

या चौकटीचे एक कृत्रिम भावंड रंगाच्या कारखान्यात सापडले. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील रंगाच्या कारखान्यात पात्राचा आतील काचेचा लेप तडकला, आतले द्रव्य लोखंडाला लागले आणि निळसर-हिरवा अपद्रव्य पदार्थ तयार झाला. ते लोहाचे थॅलोसायनिन होते. १९३४ च्या सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील लिनस्टेड यांनी त्याची रचना उलगडली, आणि पुढील वर्षी त्याचाच तांब्याचा अवतार निळा रंग म्हणून बाजारात आला. छपाईची शाई, प्लॅस्टिक आणि भिंतींचे रंग यांत तो आजही वापरला जातो. गुजरातमधील वापी व अंकलेश्वर परिसरात या रंगद्रव्यांचे मोठे उत्पादन होते. इंधनघटाच्या दृष्टीने तांबे फारसे उपयोगी नाही, लोह व कोबाल्ट आहेत. परंतु चौकट तीच आहे, आणि ती बनवण्याचे कसब भारतीय उद्योगाला अवगत आहे, ही नोंद घेण्याजोगी बाब होय.

१९६४ साली अमेरिकन संशोधक रेमंड जासिन्स्की यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या एका छोट्या लेखात कोबाल्ट थॅलोसायनिन हे अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनच्या क्षपणाला चालना देते, असे दाखवून दिले. धातू-जटिल उत्प्रेरकांच्या इतिहासाचा आरंभ येथून धरतात. १९७० च्या दशकात जर्मनीत यान्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संयुगे कार्बनवर पसरून निष्क्रिय वायूत तापवली, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले. १९७६ सालच्या त्यांच्या आढाव्याच्या शीर्षकात या पदार्थांचा उल्लेख ‘रंगद्रव्ये’ असाच आहे. पुढे १९८० च्या सुमारास कोलमन यांच्या गटाने कोबाल्टच्या दोन चौकटी समोरासमोर बांधून ऑक्सिजनला मधोमध पकडले. एकटा कोबाल्ट बहुतांशी पेरॉक्साइडपाशी थांबत असे. जोडीने त्याने चार इलेक्ट्रॉनांची वाट पूर्ण केली. रसायनाच्या दृष्टीने हे काम देखणे होते. पण असा रेणू तयार करण्यास अनेक टप्पे लागतात, आणि टनावारी उत्पादनाचा विचार करणाऱ्या उद्योगाला ते परवडणारे नव्हते.

उद्योगाच्या दृष्टीने खरे वळण १९८९ साली आले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अर्नेस्ट येगर व त्यांचे सहकारी गुप्ता व ट्रिक यांनी महाग चौकट अगोदर बनवण्याची गरजच नाही, हे दाखवले. लोह किंवा कोबाल्टचे साधे क्षार, नायट्रोजनयुक्त स्वस्त बहुवारिक आणि कार्बन एकत्र तापवले, तर भट्टीतच कार्यक्षम केंद्रे तयार होतात. बहुवारिक म्हणून त्यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल घेतले होते. कृत्रिम लोकर ज्यापासून बनते तोच हा पदार्थ. या शोधाने कच्च्या मालाचा खर्च नगण्य झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. भट्टीतून बाहेर पडलेल्या काळ्या भुकटीत नेमके कोणते केंद्र काम करते, यावर पुढे दोन दशकांहून अधिक काळ वाद चालला. धातूचा अणू काम करतो की तो केवळ कार्बनची घडण बदलून बाजूला होतो, इतक्या मूलभूत मुद्द्यावर दुमत होते. क्ष-किरण शोषणाच्या अभ्यासातून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी कार्बनच्या पत्र्यात चार नायट्रोजनांनी धरलेला लोहाचा एकेक अणू, हे चित्र बळकट केले. म्हणजे भट्टीने जुनी चौकट पुसून टाकली नव्हती, कार्बनमध्ये पुन्हा विणली होती.

कामगिरीत सुधारणा होत गेली. २००९ साली कॅनडातील क्यूबेकमध्ये दोदले यांच्या गटाने कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत लोहाची केंद्रे भरून सक्रियतेत मोठी झेप घेतली. तो उत्प्रेरक टिकाऊ मात्र नव्हता. २०११ साली अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत झेलेनाय यांच्या गटाने पॉलिॲनिलिन, लोह व कोबाल्ट यांपासून बनवलेला उत्प्रेरक ०.४ व्होल्टवर ७०० तास स्थिर राहिला, आणि ही मोठी बातमी ठरली. ७०० तास हा आकडा मोठा की लहान, हे ठरवण्यासाठी शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. मोटारीच्या इंधनघटाने किमान ५,००० तास चालावे आणि अवजड मालवाहू ट्रकच्या घटाने २५,००० तास, अशी अमेरिकी ऊर्जा विभागाची उद्दिष्टे आहेत. शिवाय ०.४ व्होल्टवर घट चालवणे म्हणजे हायड्रोजनमधील दोनतृतीयांश ऊर्जा उष्णतेत घालवणे होय.

टिकाऊपणाचे कोडे अजून सुटलेले नाही. अनेक लोह उत्प्रेरक पहिल्या शंभरेक तासांतच आपली निम्म्याच्या आसपास शक्ती गमावतात. काही लोह केंद्रातून निसटते. ते पेरॉक्साइडशी संयोग पावले की अत्यंत विनाशक मूलके तयार होतात व ती पटलावर आणि खुद्द कार्बनवर हल्ला चढवतात. येथे कोबाल्ट तुलनेने निरुपद्रवी ठरतो. पण कोबाल्टच्या पुरवठ्याचे काय? जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. प्लॅटिनमचा सुमारे सत्तर टक्के पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो. एका देशावरील अवलंबन सोडून दुसऱ्यावर जाणे, याला स्वावलंबन म्हणता येत नाही. म्हणून लोहाची वाट अवघड असूनही तीच धरणे योग्य ठरते.

पुरवठ्याचा हा मुद्दा काल्पनिक नाही. जानेवारी २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विजेची तीव्र टंचाई निर्माण होऊन खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये प्लॅटिनमचा भाव औंसाला २,२०० डॉलरपुढे गेला, आणि जागतिक मंदीच्या तडाख्यात वर्ष संपण्यापूर्वी तो ९०० डॉलरच्या खाली आला. २०१४ साली तेथील प्लॅटिनम पट्ट्यातील संप पाच महिने चालला. एकाच वर्षात निम्म्याहून अधिक खालीवर होणाऱ्या धातूवर दीर्घ मुदतीचा उद्योग उभारणे जोखमीचे असते. भारतात प्लॅटिनम गटातील धातूंचे साठे ओडिशातील बौला-नुआसाही भागात आढळले असले, तरी देशाची गरज आयातीवरच भागते. केंद्रीय खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत प्लॅटिनम गटाचा समावेश आहे.

आता हिशेबाकडे वळता येईल. लोह जवळजवळ फुकट आणि प्लॅटिनम अतिमहाग, तेव्हा लोहाचा घट स्वस्त पडणार, असे उत्तर परीक्षार्थी चटकन लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. वर्षाला लाखो घटमालांचे उत्पादन गृहीत धरले, तर घटमालेच्या खर्चात उत्प्रेरकाचा वाटा ढोबळमानाने चाळीस टक्के येतो, असे अमेरिकेतील अंदाज सांगतात. समजा घटमालेची किंमत १०० रुपये आहे. त्यात प्लॅटिनम ४० रुपयांचे आणि पटल, पट्टिका, वायू पसरवणारे थर इत्यादींचे ६० रुपये. लोहाचा उत्प्रेरक फुकट मिळाला, पण एका चौरस सेंटिमीटरमागे त्याने निम्मीच वीज दिली, तर तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट क्षेत्रफळ लागेल. ६० चे १२० होतील. फुकटचा उत्प्रेरक वीस रुपयांनी महाग पडला. हिशेब बरोबरीत येण्यासाठी लोहाच्या घटाने प्लॅटिनमच्या किमान ६० टक्के शक्ती दिली पाहिजे, आणि तीही तितक्याच आयुष्यासाठी.

ही आकडेमोड उदाहरणादाखल असली तरी तिचा आणखी एक अर्थ आहे. उत्पादन लहान असते तेव्हा पटल व पट्टिका महाग असतात आणि उत्प्रेरकाचा वाटा कमी असतो. तो २५ रुपयांवर आला, तर लोहाने ७५ टक्के शक्ती द्यायला हवी. म्हणजे उद्योग बाल्यावस्थेत असताना प्लॅटिनमविना घट सर्वांत कमी परवडतो. तो मोठा झाल्यावर सर्वाधिक परवडतो. इतर भागांची किंमत अनुभवाने व प्रमाणाने उतरत जाते, प्लॅटिनमची मागणीबरोबर चढते. बाजारपेठ लोहाच्या संशोधनाला आज पैसा देण्यास नाखूश का असते, याचे उत्तर येथे आहे. सार्वजनिक निधीचे प्रयोजनही येथेच आहे.

प्लॅटिनमच्या बाजूने आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तुलना अन्यायकारक होईल. पहिली काटकसरीची. १९८० च्या दशकात एका चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागत असे. लॉस अलामोसमध्ये कार्बनवरील सूक्ष्म कण पटलाच्या द्रव्यात भिजवण्याची युक्ती सापडली आणि ही मात्रा दहापट घटली. किलोवॉटला पाव ग्रॅमहूनही कमी, म्हणजे ०.१२५ ग्रॅम, हे पुढचे उद्दिष्ट राहिले आहे. ते साधले तर १०० किलोवॉटच्या गाडीला साडेबारा ग्रॅम पुरतील. दुसरी गोष्ट मोडीची. सोन्याच्या दागिन्याप्रमाणे प्लॅटिनम मोडीत काढले तरी पैसे देते. जुन्या घटातून त्याचा बराच भाग परत मिळवता येतो. वापरकर्त्याचा खरा खर्च पूर्ण किंमत नसून गुंतलेल्या भांडवलाचे व्याज आणि वाया गेलेला धातू, एवढाच असतो. लोहाच्या भुकटीला मोड नाही.

असे असता लोह उत्प्रेरकाला पहिली जागा कोठे मिळेल? जेथे आकारमानाची अडचण नाही आणि शक्ती थोडी लागते तेथे. प्लॅटिनमचा थर सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा असतो, लोहाचा १०० च्या आसपास. एवढ्या जाड थरातून हवा आत पोहोचणे आणि पाणी बाहेर पडणे कठीण होते. लहान घटात ही उणीव खपून जाते. २०१७ साली कॅनडाच्या बॅलार्ड व जपानच्या निशिनबो या कंपन्यांनी मौल्यवान धातूविरहित कॅथोड असलेला पहिला व्यापारी घट जाहीर केला, तो केवळ ३० वॉटचा होता. मिथेनॉलवर चालणाऱ्या घटातही लोहाची सरशी होऊ शकते, कारण पटलातून झिरपलेले मिथेनॉल प्लॅटिनमची कॅथोडवरील कामगिरी बिघडवते आणि लोहाकडे ते दुर्लक्षित राहते. फॉस्फोरिक आम्लाच्या घटाचेही तसेच. तेथे फॉस्फेट आयन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बसून जागा अडवतात. लोह केंद्रांना त्यांची बाधा होत नाही. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी विकसित केलेली हवाविरहित प्रणोदन प्रणाली फॉस्फोरिक आम्ल इंधनघटावरच आधारलेली आहे व मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या शाखेचे आपल्याकडील औचित्य ध्यानी येते.

अल्कधर्मी पटलाचा पर्यायही आहे. आम्लात विरघळणारे धातू अल्कधर्मी माध्यमात टिकतात. अपोलो यानांतील घटांची विद्युतअग्रे बेकन यांच्या पद्धतीची, निकेलची होती. तेथे शुद्ध ऑक्सिजन वापरला जात असल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न नव्हता. रस्त्यावरील गाडीला तो येतो, आणि तिच्यासाठी टिकाऊ अल्कधर्मी पटल तयार होणे ही उत्प्रेरकाइतकीच मोठी अट आहे.

भारतातील चित्र याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे. तीपैकी १७,४९० कोटी विद्युत अपघटक यंत्रांच्या व हायड्रोजनच्या उत्पादनास प्रोत्साहन म्हणून आणि ४०० कोटी संशोधनासाठी आहेत. या हायड्रोजनचा मोठा ग्राहक खत कारखाने व तेलशुद्धीकरण केंद्रे असतील. इंधनघटाचा वाटा सध्या अल्प आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पाच पथदर्शी प्रकल्पांतील ३७ बस व ट्रकपैकी १५ इंधनघटावर चालणारे आहेत आणि उरलेले २२ हायड्रोजन थेट इंजिनात जाळणारे. इंजिनाला कॅथोड नाही आणि म्हणून कॅथोडवरचे प्लॅटिनमही नाही. कार्यक्षमता मात्र कमी. २२ विरुद्ध १५ या विभागणीत इंधनघटाच्या महागाईचे प्रतिबिंब पडलेले दिसते.

देशी क्षमता शून्यापासून उभारावी लागणार नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांच्या सहकार्यातून तयार झालेली इंधनघटाची बस ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आली. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि चेन्नईतील इंधनघट तंत्रज्ञान केंद्र येथे घटाच्या घटकांवर दीर्घकाळ काम झाले आहे. उणीव आहे ती लांब पल्ल्याच्या चाचण्यांची. नवा उत्प्रेरक बनवून त्याची पहिल्या दिवसाची कामगिरी मोजणे काही आठवड्यांत होते व त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध होतो. तोच उत्प्रेरक पूर्ण घटात, हवेवर, बदलत्या भाराखाली ५,००० तास चालवणे म्हणजे सात महिने अखंड यंत्र, हायड्रोजन आणि मनुष्यबळ गुंतवणे. असे काम निबंधांच्या संख्येत फारसे दिसत नाही आणि अनुदानाच्या तीन वर्षांच्या चक्रात सहज बसत नाही. संशोधनाच्या ४०० कोटींतून प्रत्येक प्रयोगशाळेला नवी भुकटी बनवण्यास थोडेथोडे देण्यापेक्षा, सर्वांना खुली असलेली दोन-तीन सामायिक चाचणी केंद्रे उभारणे अधिक फलदायी ठरेल. तेथे लोहाचा उत्प्रेरक आणि काटकसरीचा प्लॅटिनम उत्प्रेरक एकाच घटात, एकाच अटींवर, शेजारी शेजारी चालवले जावेत आणि मोजमाप रुपये प्रति किलो या एककात न करता, रुपये प्रति किलोवॉट प्रति हजार तास या एककात व्हावे.